पाठीवरची फरशी

माझ्या साडूंचा जगातल्या कुठल्याही वस्तूवर, ती वाजवून पाहिल्याशिवाय, विश्वास बसत नाही. उरवड्याच्या कारखान्यात ते जवानांच्या चिलखती जाकिटात बसणाऱ्या सिरॅमिकच्या प्लेटा तपासतात. हातून पडलेली प्लेट वरून धडधाकट दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, ही धास्ती त्यांनी घरीही आणली आहे. माठ वाजवतात, कपबशी वाजवतात. माझ्या वास्तुशांतीला भटजी मंत्र म्हणत असताना हे गुडघ्यांवर बसून हॉलभर फरश्या वाजवत फिरले. काही पोकळ निघाल्या, म्हणून मला जास्तच राग आला. जेवताना ताटातच शिकवणी चालते. "पाव्हणं, गोळी आदी या पापडावर आदळती. तिचं टोक बोथट व्हतं, पापड फुटतो. फुटायलाच ठिवलाय त्यो! मग खालच्या चपात्या, म्हंजी कापडाचं थर, जाळ्यावानी ताणून तिला धरत्यात." तोवर पापड सादळलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा फौजेतला मुलगा सुटीवर आला. जेवताना सहज बोलून गेला, "चढावर लई जड हुतं, आबा. आमी मागची प्लेट काढून ठेवतो." साडूंनी घास ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी जुन्या जाकिटाला पुढे-मागे खिसे शिवून घेतले, रेशन दुकानाच्या काट्यावर प्लेटांच्या वजनाच्या कडप्पा फरश्या तोलून त्यात घातल्या, आणि ते अंगावर चढवलं. त्यातच भातलावणी, त्यातच पिरंगुटचा बाजार. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काका, कुणाशी वैर झालंय?" सगळी बस हसली. मीही हसलो आणि ओळख नसल्यासारखा मागच्या सीटवर जाऊन बसलो. ते अजून टोचतं.

"पाठ मोडंल, काढा की वो!" मेहुणी रोज म्हणायची.

"त्यो घालतो म्हनंल तवा काढीन."

निघायच्या सकाळी मुलगा पाया पडला. त्याला उठवायला साडूंना वाकताच येईना. शेवटी मुलानेच उठून त्यांच्या पाठीवरची फरशी ओढून काढली. "बास, आबा. घालतो मी."

आता त्याचा फोन आला की साडूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "मागची हाय ना?" पलीकडून बोटाने ठोकल्याचा आवाज येतो. तो प्लेटचा की एखाद्या टेबलाचा, मला कळत नाही. साडूंना कळत असणार. ते डोळे मिटून ऐकतात, आणि मगच विचारतात, "जेवलास का?"