पूल बंद होता ते चार दिवस

आमच्या कागद कारखान्यात तीन वायरमन होते, पण नुसतं ‘वायरमन’ म्हटलं की एकच माणूस समजायचे. मी फिटर. एकवीस वर्षं आम्ही एकाच शेडमध्ये काम केलं. तो कमी बोलायचा आणि केलेलं काम दुसऱ्याला तपासायला लावायचा. स्वतःचं काम स्वतःला बरोबरच दिसतं, असं त्याचं म्हणणं.

कारखान्यात लगद्याची टाकी होती. रद्दी पाण्यात पडायची आणि तळाशी पाती फिरायची. पात्यांत दोरी किंवा प्लास्टिक अडकलं की फिटरनं आत उतरून ते काढायचं. मोठं काम असलं तर आम्ही मेन स्विच ओढून कुलूप घालायचो. दहा मिनिटांच्या कामासाठी मात्र स्विचघरापर्यंत कोणी जात नसे. त्याऐवजी मोबाइलवर गटात एक शब्द लिहायचा, ‘आत’. वर आलं की ‘बाहेर’. ऑपरेटर काचेच्या खोलीत बसायचा आणि ‘बाहेर’ दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हे नियमाच्या पुस्तकात नव्हतं, आम्हीच पाडलेला पायंडा होता.

हा गट वायरमनच्या कॉम्प्युटरवर चालायचा. आधी आम्ही एका कंपनीचं चॅट ॲप वापरत होतो. पहिलं वर्ष ते फुकट होतं. मग त्यांनी जुने निरोप झाकून टाकले. बघायचे तर वर्गणी भरा. वायरमन म्हणाला, “आपलंच बोलणं आपल्याला विकतात. उद्या आपल्याच घरात आपल्याकडून भाडं मागतील.” त्यानं भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मागून घेतला आणि त्यावर असं सॉफ्टवेअर चढवलं की ज्याचा कोड कुणीही उघडून बघावा, हवा तसा बदलावा. पहिले दोन महिने सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात गेला.

पुढे नवे मॅनेजरसाहेब आले आणि त्यांनी दुसरं ॲप आणलं. रजा, हजेरी, पगाराची चिठ्ठी सगळं त्यातच. दिसायलाही देखणं. ऑपरेटर महिन्याभरात तिकडे गेले. आम्ही फिटर हटून बसलो.

कँटीनमध्ये टोमणे सुरू झाले.

“काय वायरमन, तुमच्या डब्याला अजून किल्ली द्यावी लागते का?” एका ऑपरेटरनं विचारलं.

उत्तर लंबूनं दिलं. लंबू म्हणजे वायरमनच्या बायकोचा थोरला भाऊ, सहा फुटी फिटर. “डबाच आहे रे. पण झाकण आमच्या हातात आहे. तुमचं झाकण साहेबाच्या खिशात.” मग वायरमनकडे वळून म्हणाला, “दाजी, तुमच्यापायी मी रजेचा अर्ज अजून कागदावर लिहितो. बहीण दिली ती दिली, वर ही वेठबिगारी.”

दोन्हीकडे निरोप पोचावेत म्हणून वायरमननं मधे एक प्रोग्राम बसवला. आम्ही त्याला पूल म्हणायचो. आमचं ‘आत’ तिकडच्या ॲपमध्ये दिसायचं, तिकडचं आमच्याकडे. दोन वर्षं हा पूल चालला. मग एका सोमवारी ॲपवाल्या कंपनीनं बाहेरच्या प्रोग्रामांना दार बंद केलं. आधी कळवलं नाही. आमच्यासारखे कुणी आहेत हे त्यांच्या गावीही नसेल.

सकाळीच वायरमनच्या ते ध्यानात आलं. त्यानं आमच्या गटात लिहिलं, ‘पूल बंद आहे. उतरण्याआधी ऑपरेटरला फोन करा.’

मी विचारलं, “तिकडे सांगितलंस का?”

“संध्याकाळपर्यंत चालू करतो. आता सांगितलं तर साहेब उद्याच आपला कॉम्प्युटर उचलून नेईल. निमित्तच शोधतोय तो.”

काचेची खोली तिथून दोनशे पावलांवर होती. तो गेला नाही. मीही गेलो नाही.

संध्याकाळी पूल चालू झाला नाही. मंगळवारी, बुधवारीही नाही. आम्ही फोन करत होतो. फोन का येतात, हे ऑपरेटरांनी विचारलं नाही. निरोप नाही म्हणजे आत कुणी नाही, हीच त्यांची सवय कायम राहिली.

लंबू मुलीच्या शाळेच्या कामासाठी तीन दिवस रजेवर होता. गुरुवारी कामावर आला तेव्हा सोमवारची सूचना चाळीसेक निरोपांच्या वर सरकली होती. अकरा वीसला त्यानं ‘आत’ लिहिलं आणि उतरला. अकरा सव्वीसला ऑपरेटरनं बटण दाबलं.

पुढचं मी लिहीत नाही. ऑपरेटर दिसेल त्याच्यापुढे मोबाइल धरत होता. “नाही हो आला निरोप. आईशपथ नाही आला. बघा ना तुम्हीच.”

कारखान्यानं अहवाल दिला: फिटर न कळवता टाकीत उतरला. साहेबांच्या ॲपमध्ये निरोप नव्हताच. म्हणजे चूक मेलेल्याची, आणि त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना, भरपाई नाही.

पाचव्या दिवशी मी वायरमनच्या घरी गेलो. जप्ती यायच्या आत त्यानं कॉम्प्युटर घरी आणला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो चालू होता. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. गुरुवार, अकरा वीस, ‘आत’.

“झालं तर मग,” मी म्हणालो. “वहिनींचं काम झालं.”

त्यानं पडदा वर सरकवला. सोमवारची ओळ आली. खाली त्याचं नाव.

“ही काढून टाक,” मी म्हणालो. “तुला येतं.”

“येतं.”

“मग?”

“ही काढली तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवील? लोकांना आपण काय सांगत होतो? उघडून बघा म्हणून. आता उघडून बघतीलच.”

ओट्याशी उभी असलेली त्याची बायको वळली. “अहो, सोमवारी कळलं होतं तुम्हाला?”

“हो.”

“बुधवारी दादा इथं जेवून गेला. या टेबलावर.”

त्यानं टेबलावरून हात काढून घेतला.

“तेव्हा तोंड नव्हतं?”

“तो हसवत होता,” वायरमन म्हणाला. “विसरलो.”

तिनं गॅस बंद केला आणि बाहेर गेली.

वहिनींनी भरपाईचा दावा लावला. सुनावणीला मी वायरमनबरोबर होतो. कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांच्या माणसानं दोन तास कॉम्प्युटर तपासला. एकही ओळ बदललेली नाही, असं त्यानं सांगितलं.

“सोमवारची सूचना कुणी लिहिली?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी.”

“ऑपरेटरांना सांगितलं?”

“नाही.”

“का?”

“आपलं बंद पडेल म्हणून.”

मॅनेजरसाहेबांनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

वहिनींचा दावा मान्य झाला. दुसऱ्याच आठवड्यात वायरमनला कामावरून काढलं, शिवाय त्याच्यावर हयगयीचा खटला भरला. कॉम्प्युटर पुरावा म्हणून जमा झाला. फिटर साहेबांच्या ॲपवर गेले. वायरमनची बायको तोवर भावाच्या घरी, वहिनीजवळ राहायला गेली होती.

दाव्याच्या निकालाची प्रत द्यायला तो गेला तेव्हा मी जिन्यात थांबलो. दार वहिनींनी उघडलं. त्यानं कागद पुढे केला. त्यांनी घेतला, घडी तशीच ठेवली आणि दार लावलं.

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, “कोण होतं गं वहिनी?”

उत्तर यायच्या आत तो जिना उतरायला लागला होता.