मशीन खोटं बोलत नाय

उलव्याच्या रस्त्यावर ज्यांचं गॅरेज आहे, ते आमचे शेठ मशीनला विचारल्याशिवाय बॉनेटला हात लावत नाहीत. माझ्या जुन्या गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, की ते स्टिअरिंगखाली मशीनची वायर खोचतात, पडद्यावरचा कोड वाचतात आणि पेशंट हातचा गेल्यासारखा चेहरा करतात. ‘सेन्सर गेला, साहेब. मशीन खोटं बोलत नाय.’ दसऱ्याला पान्यांना नुसतं कुंकू लागतं, झेंडूचा हार मशीनला.

सेन्सर दोनदा बदलला, तरी दिवा आहेच. शेठ म्हणाले, ‘गाडीला सवय लागली हाय.’

परवा गेलो, तर शेठ स्वतःच्या जुन्या जीपमध्ये डोकं घालून उभे होते. तिचाही पिवळा दिवा लागला होता. त्यांनी चालू इंजिनाला कान लावला, बोटं फिरवून हवेचा फाटका पाइप शोधला आणि लगेच बदलला.

‘शेठ, मशीन नाही लावलं?’ मी विचारलं.

त्यांनी बॉनेट बंद केलं. ‘हिला कशाला, साहेब? ही तं मला चालवायची हाय.’