शिंगांची फाईल

लोणंदपासून कुंडलपर्यंत मला न ओळखणारा बैल नाही! खरं सांगायचं तर, ओळखतात म्हणूनच मी दिसलो की शिंगं रोखतात. माझी भाड्याची जीप. शिक्षण सातवी, तेही मास्तर कंटाळले म्हणून. सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्रवाल्यांना मी गावोगाव हिंडवतो. जीपच्या सीटखाली झाडू घातला की शेंगांची टरफलं, पेनांची टोपणं, कुणाची तरी एक चप्पल निघते ना, तसे या लोकांचे किस्से निघतात. झाडून काढले तरी पुढच्या फेरीला तेवढेच परत!

आधी काम काय ते सांगतो. वैशाली म्हणून साताऱ्याची पोरगी आहे, पीएच.डी. करते. खिलार जनावराच्या समोर उभं राहून फोटो काढायचा, कपाळाजवळ मोजपट्टी धरायची. मग कॉम्प्युटरवर त्या फोटोत कपाळ, डोळे, शिंगाचं बूड, शिंगाचं टोक असे ठिपके घालायचे. वय वाढतं तसा शिंगांचा आकार कसा बदलतो, ते त्या ठिपक्यांवरून काढायचं. याला रिग्रेशन म्हणतात.

मी म्हणालो, "ताई, एवढ्यासाठी कॉम्प्युटर कशाला? मी सांगतो की! वाढतात!"

ती हसली नाही. हसणार कशी? तिचे सर दिवाळीला रिटायर होणार. त्याआधी फाईल तयार झाली नाही, तर चार वर्षांची मेहनत पाण्यात. झोपेतसुद्धा दचकते म्हणे.

*

आणि बाईसाहेबांना बैलाची भीती! विषय घेतला बैलाचा, आणि बैलानं नुसता श्वास सोडला तरी ही जीपच्या टपावर!

पट्टी कुणी धरायची? मी म्हणालो, "मी ड्रायव्हर. जीपच्या पुढं माझी ड्युटी न्हाई." शेवटी तिनं पट्टी सेल्फी स्टिकला बांधली आणि लांबूनच पुढं केली. हात असा थरथरत होता, की बैलाला वाटलं कडब्याचं पान हलतंय. त्यानं पट्टी धरली आणि चावायला लागला! मालकानं जबड्यात हात घालून ओढली, तेव्हा अर्धीच हाती आली.

"आबा, आता काय करू?" वैशाली रडवेली.

"काय न्हाई. फोटोखाली लिही, 'उरलेली पट्टी बैलाच्या पोटात आहे, तिथून पुढं मोजावं!'"

*

लोणंदजवळ एक म्हातारी फोटोच काढू देईना. "आदी तीट लावू दे. माझ्या लेकराला नजर लागंल." लेकरू म्हणजे हा एवढा थोरला बैल! तिनं तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि बरोबर कपाळाच्या मधोमध टेकवली. वैशालीचा पहिला ठिपका तिथंच पडायचा.

सांगलीला सरांनी फोटो पाहिला. "हा काळा ठिपका तू घातलास?"

"नाही सर, नजर लागू नये म्हणून आजींनी लावलाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "मग सगळ्याच फायलींना एकेक लावून घे."

*

वयाची तर वेगळीच तऱ्हा. बाजारात जनावराचं वय कमी सांगायची आमच्याकडं रीतच. एका मालकानं सांगितलं, "चार वर्सांचा." मी दात बघितले, बैल कधीचाच जुळलेला. म्हणजे सगळे पक्के दात आलेले, चांगला थोराड. मी मालकाकडं नुसतं बघितलं.

त्यानं वैशालीला बाजूला घेतलं आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "ताई, फाईलीत चारच लिवा. तुमी उद्या इंटरनेटवर टाकणार, आन् गिऱ्हाईक बघणार!"

*

आता ही फाईल म्हणजे एक नाही. ठिपक्यांची एक, वयांची दुसरी. दोन्हींत जनावरं एकाच क्रमानं पाहिजेत. वैशालीनं एकदा नीटनेटकं दिसावं म्हणून वयांची फाईल लहानापासून मोठ्यापर्यंत लावली, ठिपक्यांची तशीच राहिली. कॉम्प्युटरनं काही कुरकुर न करता आलेख काढून दिला. सर खूश! मग त्यांनी जवळ जाऊन बघितलं. हातभर शिंगांचा म्हातारा बैल त्यात दूधपिता होता!

सरांचा चेहरा उतरला. "चूक होण्याची भीती नाही वाटत गं. हा कॉम्प्युटर ओरडत नाही, त्याची वाटते."

"सर, मी ओरडू का?"

"आबा, तुम्ही जीपमध्ये जाऊन बसा!"

*

खरा घोळ उन्हाळ्यात झाला. वैशाली फोटोला बैलाचंच नाव द्यायची. आणि आमच्याकडं दर दुसरा बैल सर्जा! नवा सर्जा आला की कॉम्प्युटर विचारायचा, "या नावाचा फोटो आहे, त्याच्या जागी हा ठेवू?" ही घाईत "हो" दाबायची. कॅमेऱ्यातलं कार्डही पुसलेलं. ठिपके घालायला बसली, तर एकच सर्जा शिल्लक!

मी म्हणालो, "बाकीचे सर्जे कुठल्या साथीत गेले?"

कुणी हसलं नाही. पोरगी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती. "आबा, घरी काय सांगू मी?"

मी जीप काढली.

*

पण बेंदूर, म्हणजे आमचा बैलपोळा, तोंडावर आलेला. बेंदराला आमच्याकडं बैलाची शिंगं साळतात, म्हणजे तासून गुळगुळीत करतात, आणि रंगवतात. साळली की मूळचा आकार गेलाच. म्हणून तर वैशालीनं पहिली फेरी मुद्दाम थंडीत केली होती, शिंगं जशीच्या तशी मिळावीत म्हणून. आता बेंदराच्या आत सगळे सर्जे गाठायचे. नेहमीसारखे मीच सगळ्यांना फोन लावले, "फोटो काढायला येतोय!"

पहिलंच घर कुंडलचं, मिलिटरीतून रिटायर झालेल्या सुभेदार अण्णांचं. आम्ही अंगणात शिरलो आणि वैशाली जागच्या जागी थांबली. सर्जाची शिंगं काचेसारखी चमकत होती. खाली भुश्शाचा ढीग, आणि साळणारा हत्यारं पुसत बसलेला.

"अण्णा, बेंदूर अजून आठवड्यावर आहे ना?"

"बेंदराचं न्हाई मॅडम, तुमच्यासाठनं! आबाचा फोन आला. म्हटलं, इन्स्पेक्शन हाय, जवान चकाचक पायजे!"

वैशालीनं कॅमेरा हळूच खाली घेतला. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि थंडीत आलो होतो... तेव्हा?"

"तवा बी साळली हुती की! आमीच न्हवं, समदीच. ज्याला ज्याला आबाचा फोन जातोय, त्यो आदी साळणाऱ्याला बोलवतोय!"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. चेहरा पांढराफटक. मी अण्णांवरच उखडलो, "आवं अण्णा, जनावर जसं हाय तसं पायजे हुतं! हे नसतं शानपन कुणी सांगितलं हुतं तुमाला?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"फोटूला जसं हाय तसं कोण हुबं ऱ्हातंय रं आबा? तू लग्नात दाढी न करता हुबा हुतास व्हय?"