मनगट उचलून दाखवा

"मनगट उचलून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी उचललं. म्हणजे मला वाटलं की मी उचललं. बघते तर उजवा हात टेबलाच्या कडेवरून तसाच खाली लोंबतोय, पाणी न मिळालेल्या रोपासारखा. पुन्हा जोर लावला. बोटं आतल्या आत हलली, पण मनगट ढिम्म!

"रिस्ट ड्रॉप," डॉक्टर म्हणाले. "मनगट गळालंय. रेडियल नर्व्ह पाल्सी. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू खाली येतो. मनगट आणि बोटं वर उचलायचं काम त्याचं. तो दाबला गेलाय. कशानं दाबला गेला?"

"झोपाळ्यावरून पडले," मी ठोकून दिलं.

माझं ब्युटी पार्लर आहे, नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत. थ्रेडिंग म्हणजे माझा हातखंडा. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोन्ही हातांत, आणि चटचट भुवई कोरून मोकळी. सगळी करामत मनगटाची. लग्नसराई तोंडावर होती, आणि माझा उजवा हात टेबलावर मेल्यासारखा पडला होता. एकच विचार डोक्यात घुमत होता, हा पुन्हा उठला नाही तर?

डॉक्टर माझा दंड न्याहाळत होते. तिथे दोरीचा लाल पट्टा उठला होता, विणीसकट. डाव्या मनगटावरही एक फिकट पट्टा होता. झोपाळा असे वळ उठवत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. तरी माझी टकळी चालूच. झोपाळा जुना होता, कडी गंजली होती, मी साखळीला लटकले... डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

प्रशांत उठला. चेहरा पांढराफटक. दारातून वळून मला एकच शब्द म्हणाला, "सिन्नर."

तो बाहेर गेल्यावर डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "ताई, घरी सगळं ठीक आहे ना? काही असेल तर घाबरू नका. इथून परस्पर मदत मिळते."

अगं बाई! माझ्या थापेनं मी प्रशांतला बायकोला मारणारा ठरवलं होतं. जो माणूस पाल मारायला सांगितली तर तिला खिडकीतून वाट करून देतो, तो!

मग मी खरं सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण असं काही करणारे आम्ही दोघंच नाही हे मला आता चांगलं ठाऊक आहे. कुणाच्या तरी हातावर असेच वळ असतील आणि तीही आत्ता झोपाळ्याची गोष्ट रचत असेल.

आम्ही चाळिशी ओलांडलेलं जोडपं आहोत. लेक पुण्याला हॉस्टेलवर. घर रिकामं झालं आणि आम्हाला एकमेकांची नव्यानं गंमत वाटायला लागली. दोरीनं बांधून घेणं, छताला अर्धवट टांगून घेणं, हा आमचा दोघांचा, दोघांच्या मर्जीचा खेळ. कल्पना माझी, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर सगळं त्या बिचाऱ्यावर जायचं. "सिन्नर" हा आमचा ठरलेला शब्द. तो कुणीही उच्चारला की आहे तिथे सगळं थांबायचं, का म्हणून विचारायचंही नाही. दारातून प्रशांत मला तेच सांगत होता. थांब, पुरे झाल्या थापा.

चूक कुठे झाली? प्रशांत दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरातला. बागेच्या मांडवावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा. मांडवाच्या तारा ओढून धरायला त्यांच्याकडे जाड लोखंडी आकडे असतात, एका बाजूनं उघडे. त्यातलाच एक आणून त्यानं बेडरूमच्या स्लॅबमध्ये ड्रिलनं बसवला. "अगं, अख्ख्या बागेचा माल पेलतात हे. तू काय, चार क्रेटसुद्धा नाहीस!" मीही खूश. वजनाचं कौतुक कुणाला नको असतं?

त्या रविवारी दुपारी मी लटकले, छान झुलले. अंगठ्याच्या मागे मुंग्या येत होत्या. मला वाटलं, असंच असतं. आणि झुलता झुलता वर तो आकडा हळूहळू सरळ होत गेला. एक दोरी सटकली. सगळा भार उजव्या दंडावरच्या वेढ्यावर आला. पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, म्हणून वाचले. मी "सिन्नर, सिन्नर" ओरडतेय, प्रशांत मला खालून उचलून धरतोय आणि एका हातानं गाठ सोडवतोय. पण भार पडलेली गाठ सुटते होय! शेवटी मला कशीबशी पलंगाच्या कडेवर टेकवून तो किचनमध्ये पळाला आणि कात्री घेऊन आला. कुठली, तर दुधाची पिशवी कापायची, बोथट. ती दोरी करवतीसारखी कापताना तो रडत होता.

डॉक्टरांनी ऐकलं. हसले नाहीत, तोंड वाकडं केलं नाही. फक्त म्हणाले, "हे आधी सांगितलं असतंत तर मानेचा एमआरआय लिहिला नसता." आणि कागदावरची ती ओळ खोडली. मग प्रशांतला आत बोलावून पाणी दिलं.

"न्यूरोप्रॅक्सिया वाटतोय. म्हणजे मज्जातंतू तुटलेला नाही, दाबामुळे त्याच्यातून संदेश जाणं बंद पडलंय. बहुतेक वेळा हात परत येतो. वेळ लागतो. काही आठवड्यांनी एनसीव्ही तपासणी करू, मज्जातंतूतून वीज किती वेगानं वाहते ते कळतं."

"बहुतेक" या शब्दाला धरून मी पुढचे दिवस काढले. हाताला कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट वर उचलून धरणारी पट्टी. फिजिओथेरपीच्या बाकावर गुडघेदुखीच्या आज्यांमध्ये मी. "काय झालं गं?" "नस दबली." एवढंच, आणि ते खोटंही नव्हतं. प्रशांत माझी वेणी घालायचा. अशी वाकडी की पार्लरच्या पोरी पाठ फिरवून हसायच्या. पार्लर त्या पोरींनीच सांभाळलं. मी काउंटरवर बसून नुसती तोंड चालवत होते.

एनसीव्हीमध्ये सुईसारखे झटके बसतात, पण जीव जात नाही, घाबरू नका. तंतू शाबूत निघाला. मी तिथेच टेबलावर "येस!" म्हणून ओरडले. टेक्निशियन दचकली.

आणि एके सकाळी चहा ढवळताना मनगट इवलंसं वर आलं. खरंच! मी किंचाळले, "प्रशांत! अहो, बघा ना!" आनंदात मी त्याला अहोजाहो करते. तो दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आला. दोघं किचनमध्ये उभे राहून माझ्या मनगटाकडे बघत होतो, बाळानं पहिलं पाऊल टाकल्यासारखं.

हात पुरता आल्यावर मीच विषय काढला. प्रशांत म्हणाला, "नाही. पुन्हा नाही." मी म्हटलं, "तुझा नकार मान्य. पण नीट करता येतं का, एवढं तरी विचारू." खूप दिवस विचार करून तो म्हणाला, "विचारू."

आम्ही एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंना गाठलं. या वेळी थापा नाहीत. मी सरळ म्हटलं, "माणूस टांगायचाय. मी. आवडीनं." बाईंनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "स्थिर की हलता?"

सगळी मेख इथेच होती. द्राक्षाचा घड मुकाट लटकतो. मी झुलते, झटके देते, हसते. हलत्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट बसतो, आणि त्या झटक्यांनी उघडा आकडा आणखी उघडत जातो. बाई म्हणाल्या, पीओपीचं छत म्हणजे नुसता दिखावा, त्यात तर कधीच नाही, आणि पंख्याच्या हुकालाही हात लावायचा नाही. स्लॅबवर एकाच जागी भार नको. त्यांनी घराचा नकाशा बघून दोन बीमच्या मधे स्टीलचा आडवा चॅनेल बसवायला सांगितला, किती बोल्ट आणि कुठले तेही काढून दिलं. आत वायरिंग आणि सळ्या कुठे आहेत ते तपासूनच ड्रिल. आकडा बाद, बंद कडी. तिला लॉकवाला कॅराबिनर, गिर्यारोहक दोराला लावतात ती कडी. प्रत्येक तुकड्यावर भार छापलेला हवा, नसेल तर घ्यायचाच नाही. बसवल्यावर आधी वाळूची पोती, एकेक करून, आणि मगच माणूस. हे सगळं ऐकून प्रशांत आपणहून म्हणाला, "असं असेल तर चालेल." हे तुमच्या घराला जसंच्या तसं लावू नका, तुमचा स्लॅब तुमच्या इंजिनिअरला दाखवा.

पोती टांगलेली असतानाच सासूबाई गावाहून टपकल्या! वर बघून म्हणाल्या, "एवढं लोखंड कशाला गं? घरात द्राक्षाचा मांडव घालायचा हाय का?" प्रशांत ठसकला. मी म्हटलं, "झोपाळा लावतोय, आई." आणि खरंच लावला. त्या येतात तेव्हा तिथे झोपाळा असतो. बसून शेंगा सोलतात. "लय भक्कम बसवलाय," म्हणतात.

त्या गेल्या की झोपाळा उतरतो. खाली जाड गादी येते, आणि उशाशी बोथट टोकाची पण धारदार कात्री, रुग्णवाहिकेत कपडे कापायला असते तशी. दंडाच्या बाहेरच्या बाजूला आता दोरी जात नाही, आणि मुंग्या आल्या की मी लगेच सांगते. बांधलेलं माणूस एकटं सोडून पाणी प्यायलासुद्धा कुणी जात नाही.

त्या डॉक्टरांना मी पेढे दिले. त्यांनी मला बाहेर न पाठवता प्रशांतला बाहेर पाठवलं, आणि नंतर त्याला पाणीही दिलं. दोन्हींबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. माझं थ्रेडिंग पूर्वीसारखं चटचट चालतं. पाऊसपाण्यात अंगठ्यामागे जरा बधिर वाटतं, तेवढंच.

आता पहिला वेढा घालून झाला की प्रशांत थांबतो.

"मनगट उचलून दाखव," तो म्हणतो.

मी उचलते. मग तो पुढची गाठ मारतो.