वाढत्या अंगाचं

काचेच्या पेटीत थ्री-डी प्रिंटर सावकाश फिरत होता. प्लास्टिकच्या थरावर थर चढत होते आणि कुणाच्या तरी लेकराच्या अधू पायासाठी आधार तयार होत होता. टाच आली होती, घोटा यायचा होता.

बाकावर माझ्या शेजारी बसलेली आई तिथं काम करणाऱ्या मुलीला म्हणाली, "ताई, जरा वाढत्या मापाचा करा ना. वर्षभर तरी पुरेल."

ती मुलगी हसली. "फ्रॉक नाही हो हा. नेमका बसला तरच पाय धरून ठेवतो. पाय वाढला की परत स्कॅन करू."

मीही हेच म्हटलं होतं, हेच उत्तर ऐकलं होतं. आपल्याकडे मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. गणवेशाला खाली चार बोटं दुमड, बुटाच्या टोकात कापूस. त्या दुमडीत आपण पुढचं वर्ष बिनधास्त शिवून ठेवतो. माझ्या सईसाठी आजच्या मापाचं असं काही घेतलं, ते एकच: तिच्या पायाचा आधार.

गेल्या महिन्यात सई तापानं गेली. तिचा आधार दुसऱ्या कुणाला तरी होईल, म्हणून घेऊन आले होते. त्या मुलीनं तो हातात घेतला, आतून अंगठा फिरवला आणि हलकेच माझ्या मांडीवर परत ठेवला.

"काकू, हा फक्त तिच्याच पायाला बसतो."

शेजारची आई अजून कुरकुरत होती, "म्हणजे सहा महिन्यांत लहान होणार!"

मी मांडीवरच्या आधारात हात घातला. हा आता कधीच लहान होणार नाही.