यादीत राखून ठेवलेला सिनेमा

आमच्या मावशीचा एकही फोटो घरात नाय. ही आईची थोरली बहीण. पैठणच्या घाटावर एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा बघ्यांच्या गर्दीत या दोघी बहिणी उभ्या होत्या. सिनेमा येईपर्यंत मावशी तापानं गेली. आईनं तो एकदाच, यात्रेतल्या तंबूत पाहिला. ताई पडद्यावर दिसली अन् गेली, एवढंच ती सांगायची.

गारखेड्याच्या घरी मी टीव्हीवर पहिल्यांदा सिनेमांचं ॲप घेतलं, तेव्हा त्यात जुन्या मराठी सिनेमांचा नुसता ढीग होता. नाव टाकायचा अवकाश, हजर! त्यातच हाही सापडला. आई ताडकन उठली. "लाव की रं!"

"थांब गं, दिवाळीला सगळे जमले की बघू," मी म्हणालो. आमच्या घरात चांगली वस्तू एकट्यानं संपवत नाहीत, पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. तसा मी तो सिनेमा यादीत ठेवला. जशी काय माझ्या बापाची इस्टेट! आई अधूनमधून विचारायची, "हाय ना रं जागेवर?" मी यादी उघडून दाखवायचो. मग ती पुन्हा आपल्या कामाला लागायची.

दिवाळीला बहिणी आल्या, दाजी आले, भाचे आले. सतरंजी अंथरली, चिवड्याची ताटली फिरली. आई चष्मा पुसून टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मी यादी उघडली, तर सिनेमा गायब. नाव टाकून शोधला, तर भलत्याच मारामारीच्या मालिका समोर आल्या, वर लिहिलेलं, 'तुम्हाला हेही आवडेल'. आवडेल कपाळ!

दाजी म्हणाले, "करार संपला असंल. आता हे लोक स्वतःच्याच मालिका दाखवतात, जुनं कोण ठेवतंय?" मी इरेला पेटलो. दुसरं ॲप घेतलं, तिसरं घेतलं. सिनेमे इकडून तिकडं जात होते, काही तर कुठंच नव्हते. हा कुठंच नव्हता. अन् जाहिरातीत मात्र म्हणे निवडीला वाव वाढला. डोंबलाचा वाव! आम्हाला लई नको होतं, एकच पाहिजे होता, तो होता तेव्हा आम्ही पाहिला नाय.

भाऊबीज झाली तरी माझं तोंड थांबेना. कंपनीवाल्यांच्या सात पिढ्या मी उद्धारल्या. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना कशाला शिव्या देतो? त्यांना माझी ताई कोण ते काय माहीत? तुला तर माहीत होतं ना रं."