धानोऱ्याचा शेक

आमच्या काकीला घाम येत नसे. रनाळ्याच्या मे महिन्यात कुत्रीसुद्धा माठाखालची ओली जागा सोडत नाहीत, तेव्हा काकी अंगणात गोधडी पांघरून उन्हाला बसायची. ती घरात आली की कोणीतरी न सांगता उठून पंखा बंद करी आणि बाकीची मंडळी निथळत बसत. मग तीच हसत बाहेर निघे. "लावा रे पंखा. जठे ऊन, तठे मन्हं माहेर," म्हणायची.

गावभर ती 'गोधडीकाकी' होती. खळ्यात मिरची वाळत पडली की देठ खुडणाऱ्या बाया ऊन चढताच सावलीला पळत, ही मात्र मिरच्यांच्या लाल ढिगाशेजारी एकटी खुडत बसे. काम मुंगीच्या चालीने, पण थांबायचं नाही. आम्हा पोरांना तिचे हात फार आवडत. कोणाला ताप भरला की आई ओली पट्टी शोधायच्या आधी काकीला हाक मारी. तिचा तळवा कपाळावर पडला की माठाला गाल लावल्यासारखं वाटायचं.

ही थंडी तिला बाळंतपणापासून लागली, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण म्हणून ती धानोऱ्याला माहेरी गेली होती. प्रमोद झाला, पण तिचं रक्त इतकं गेलं की सगळ्यांनी आशा सोडली होती. ती वाचली. दूध मात्र थेंबभर आलं नाही, आणि पाळी पुन्हा कधी आलीच नाही. सव्वा महिन्याने पोर घेऊन ती रनाळ्याला आली, तेव्हा मी माझ्या आईच्या अंगावर पीत होते. आईने दुसरी बाजू प्रमोदला दिली. अजूनही भांडण झालं की तो म्हणतो, "तुझ्या वाट्याचं मीच जास्त प्यालोय."

आमच्या आजीने, म्हणजे काकीच्या सासूने, तेव्हाच निकाल देऊन टाकला होता. "माहेरले शेक दिना नहीं. थंडी हाडमा भराई गई." बाळंतिणीच्या बाजेखाली गवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी ठेवायची ती आपली जुनी रीत, आणि त्यातच धानोऱ्याच्या विहीणबाई कमी पडल्या, असं तिचं म्हणणं. सासू बोलायची आणि काकी ऐकून घ्यायची. पण ते खरं मानलं ते धानोऱ्याच्या आजीने, काकीच्या आईने. दर हिवाळ्यात ती डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि ओव्याची पुरचुंडी घेऊन येई. प्रमोदला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, तरी या माउलीच्या लेखी लेकीचं बाळंतपण चालूच होतं. आमच्या घरात ती कधी जेवली नाही. ओट्यावर टेकायची, आपल्या आंडेरच्या, लेकीच्या, कपाळाला हात लावून बघायची आणि ज्याला त्याला सांगायची, "त्या साले गवऱ्या वल्ल्या व्हत्यात, भाऊ. मन्ही आंडेरनं मीच वाटोळं कयं."

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात काकीला साधा ताप आला आणि ती एकाएकी ढासळली. उलट्या, बोलणं असंबद्ध, मग हाकेला ओ नाही. नंदुरबारच्या दवाखान्यात सलाईन लावूनही रक्तदाब वर येईना. प्रमोद भिंतीला डोकं टेकून उभा होता. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने काकीच्या विरळ भुवया पाहिल्या, कोरड्या कातडीवरून हात फिरवला आणि भलतंच विचारलं, "यांच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का? दूध आलं होतं? पाळी परत सुरू झाली?"

सोबत आलेल्या माझ्या आईने तिन्ही उत्तरं दिली. डॉक्टरीण उठली, नर्सला कसलंसं इंजेक्शन भरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी उशीला टेकून बसली होती आणि चहा मागत होती. मी दारातच रडले.

पुढे तपासण्या झाल्या, धुळ्याला डोक्याचा एमआरआय झाला, तेव्हा डॉक्टरिणीने आम्हाला समोर बसवून समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. दूध येऊ दे, पाळी येऊ दे, हे हुकूम तिचे. गळ्यातल्या थायरॉइडला अंगात ऊब ठेवायला तीच लावते, आणि आजारात टिकून राहायचं बळ देणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनाही तीच जागं करते. गरोदरपणात ती फुगते, तिला रक्त जास्त लागतं. काकीचं रक्त वाहून गेलं तेव्हा ही ग्रंथी उपाशी राहून मेली. "खालच्या ग्रंथी धडधाकट आहेत, त्यांना उठवणारंच कोणी उरलं नाही. आता ते काम गोळ्या करतील. पण गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवायची नाही."

शाळेत मी हाच धडा शिकवते. त्या दिवशी मात्र मी विद्यार्थ्यासारखी ऐकत होते. काकीने सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न केला. "म्हंजे शेक कमी पडना म्हनीसन नहीं ना?"

डॉक्टरीण गोंधळली. मी तिला शेकाची हकिगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "नाही हो मावशी. शेकाचा काही संबंध नाही. कोणाचीच चूक नव्हती."

काकीने डोळे मिटले. मग प्रमोदला बजावलं, "फोनवर मायले काही सांगू नको. हाई मी सोता सांगसू."

प्रवासाची परवानगी दसऱ्यानंतर मिळाली. तोवर काकीचा आवाज मोकळा झाला होता, गाल भरले होते आणि गोधडी घडी घालून पेटीत गेली होती. धानोऱ्याच्या रस्त्यावर गाडी थांबली. गल्लीतलं ऊन डोक्यावर घेत ती चालत गेली, आम्ही मागे. आजीला आता धड उठवत नव्हतं. काकी घरात शिरताच प्रमोदच्या मामींनी सवयीने पंखा बंद केला.

काकी खाटेवर आईला खेटून बसली आणि सांगू लागली. वाटाण्याएवढी ग्रंथी आजीच्या समजुतीपल्याड होती. ती फक्त लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "आन् गवऱ्या?"

"गवऱ्या कोरड्याच व्हत्यात, माय. तुन्हा शेक बराबर व्हता."

आजी मागच्या वर्षी गेली. शेवटच्या दोन दिवाळ्यांना ती प्रमोदचा हात धरून गाडीतून रनाळ्याला आली, आमच्या पंगतीत बसून पोटभर जेवली, आणि लाडवांचा डबा काही आणला नाही. काकीच्या गोळ्या चालू आहेत. तिला आता गोधडीकाकी म्हटलं तर शिव्या घालते, आणि माझ्या वर्गात तो धडा तिच्याच नावाने सुरू होतो.

पण मला ती आठवते ती त्या दुपारची. आजीने हात नेहमीसारखा लेकीच्या कपाळावर ठेवला. हात ओला झाला. तिने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, लुगड्याला पुसला, पुन्हा कपाळावर ठेवला. मग सुनेला म्हणाली, "पंखा लाव व. मन्ही आंडेरले उकडी ऱ्हायनं."